भुसावळला गाडी बदलायची

थाप मारायचीच असेल तर शेजारणीजवळ मारू नये. तिला आपल्या घरातलं सगळं खिडकीतून दिसतं. थाप मारावी ती फोनवर, आणि अशा बाईजवळ, जी शंभर किलोमीटरवर राहते आणि जिचं आपल्या गावात कोणी सोयरंधायरं नाही. अंबापेठेतल्या कुंदाबाईंनी नेमकं तेच केलं होतं. सात वर्षं केलं आणि बिनधोक केलं. मग एका दुपारी ती थापच उठून दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल, निघ आता.

कुंदाबाईंचे यजमान उद्धवशास्त्री. लग्न, मुंज, सत्यनारायण हे तर होतंच, पण अमरावतीत त्यांचं खरं नाव होतं ते यात्रा नेण्यात. काशी, गया, रामेश्वर, जगन्नाथपुरी. चाळीस-पन्नास माणसं घेऊन निघायचे. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्या त्यांनी गंगेत बुचकळून आणल्या. बायकोला मात्र बडनेऱ्याच्या पुढं नेलं नाही. कसं नेणार? सासू अंथरुणाला, घरात लहान पोरं, आणि देव्हाऱ्यातल्या देवांना दोन वेळचा नैवेद्य. इथल्या देवाला उपाशी ठेवून तिथल्या देवाला भेटायला जाणं शास्त्रात बसत नव्हतं. म्हणजे शास्त्रीबुवांच्या शास्त्रात.

ते निघाले की कुंदाबाई दशम्यांचे डबे भरून द्यायच्या, आणि परत आले की भाजी निवडता निवडता ऐकायच्या. कोणत्या स्टेशनावर चहा नुसता पाणचट, कुठं हमाल लबाड, कुठं गाडी इंजिन फिरवते म्हणून उलटं बसावं लागतं, भुसावळला गाडी बदलताना सामान कसं मधे ठेवून भोवती माणसं उभी करायची. ऐकून ऐकून बाईंना अख्खी रेल्वे पाठ झाली. विहिरीत कधी न उतरता तिची खोली माहीत असावी, तसं.

शास्त्रीबुवा गेले, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी कुंदाबाईंचा भाऊ अकोल्याच्या एका दवाखान्यात पडला. मुलानं रातोरात मोटारीतून नेऊन सोडलं. तिथं शेजारच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती आणि तिची सून सबीहा. म्हातारी कोणाच्या हातचं खाईना. सून बिचारी "अम्मी, एक घास, अम्मी, मेरी कसम" करून थकली. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईंचं डोकं फिरलं. त्या आपल्या जागेवरूनच गरजल्या, "ओ आजीबाई! खाता का मी येऊ तिकडं?" म्हातारीनं दचकून तोंड उघडलं आणि वाटीभर खिचडी संपवली. त्या दिवसापासून जेवणाची वेळ झाली की सबीहा हळूच यायची नि म्हणायची, "बाई, आमच्या अम्मीले जरा रागवता का?"

अशी ही मैत्री. दवाखाना सुटला, पण फोन सुटला नाही. दुपारी दोन वाजता, जेवणं आटोपल्यावर, कुंदाबाईंची सून स्वराली शाळेत शिकवायला गेलेली असताना, फोन वाजायचा. सबीहाचे यजमान अब्दुल रहीम अकोटच्या सतरंज्या घेऊन देशभर विकायला जात. त्यामुळं सबीहाच्या बोलण्यात हैदराबाद यायचं, अजमेर यायचं. मग कुंदाबाईही मागं कशाला राहतील? "आमी काशीले गेलो तवा," असं एकदा सहज निघून गेलं तोंडातून. त्या "आमी"त शास्त्रीबुवा होते, पन्नास यात्रेकरू होते, दशम्यांचे डबेसुद्धा होते. कुंदाबाई तेवढ्या नव्हत्या. पण पलीकडून सबीहा म्हणाली, "अल्ला! किती फिरेल हा तुमी!" आणि जन्मात पहिल्यांदा कोणीतरी कुंदाबाईंचा हेवा केला. ती चव वाईट. एकदा लागली की सुटत नाही.

आणि मग जानेवारीतल्या त्या दुपारी फोन आला.

"काय करून राहिल्या, कुंदाबाई?"

"तुझा फोन उचलून राहिली. आणखी काय?"

"आपाचा फोन आल्ता. बऱ्हाणपूरवाल्या बहिनीचा. दरसाल त्याच येतात अकोल्याले. आता गुडघे गेले त्याईचे. म्हने, सबीहा, आता एकदा तू ये. मी मेल्यावर येशीन तर चहा कोन पाजन तुले?"

"मग जा नं. कोनी अडवलं?"

"कोनासंग जाऊ? यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं, पोरं दुकानातून हालत नाईत. म्हनून मी घरात सांगून टाकलं, कुंदाबाई येतात माझ्यासंग. त्या काशी-रामेश्वर फिरेल बाई, त्याईच्यासाठी बऱ्हाणपूर म्हनजे आंगन. तवा कुठी यांनी हो म्हनलं." मग थोडं थांबून, "येता नं?"

कुंदाबाईंनी भिंतीवरच्या शास्त्रीबुवांच्या फोटोकडं पाहिलं. बुवा हारातून हसत होते. त्यांचं काय जातं?

नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार. हो म्हणावं, तर स्टेशन. सबीहाला कळलं की ही बाई सात वर्षं नवऱ्याच्या चपला घालून मिरवत होती, तर ती भांडणार नाही, तसली नव्हेच ती. ती फक्त एक दिवस फोन करणार नाही, मग दुसऱ्या दिवशी करणार नाही. आणि दुपारचे दोन वाजतच राहणार. कुंदाबाईंना गणगोत भरपूर होतं, पण त्यांच्याशी बोलायला म्हणून जगात एवढी एकच बाई होती. बाकी सगळे त्यांचं ऐकायला होते.

"येते," त्या म्हणाल्या. "त्यात काय विचारायचं? भुसावळले गाडी बदलायची अन् झालं."

घरात सांगितलं तेव्हा केदार जेवता जेवता थांबला. "आई, तू? रेल्वेनं? भुसावळला गाडी बदलायची असते, माहीत आहे ना?"

"तुझ्या बापानं पन्नास पन्नास माणसं बदलवली भुसावळले."

"बाबांनी. तू नाही."

"मग काय झालं? अर्धांगी होती मी त्यांची."

"मी मोटारीनं सोडतो ना दोघींना बऱ्हाणपूरला."

"मले काय लुळीपांगळी समजला का?" हे कुंदाबाई बोलल्या रागानं, पण आत त्यांना वाटत होतं, अरे, आणखी एकदा म्हण, मी हो म्हणेन. केदार पुन्हा म्हणाला नाही. पोरं नेमकी नको तिथं आज्ञाधारक असतात. त्यानं मोबाईलवर अकोला ते भुसावळ तिकीट काढून दिलं आणि डबा, जागा आईकडून तीनदा घोकून घेतली: एस-चार, सतरा-अठरा. भुसावळपासून पुढं साधं तिकीट काढायचं होतं. स्वराली ताट उचलता उचलता पुटपुटली, "बडनेऱ्याहूनच फोन येईल, न्यायला या म्हणून." सुनेचं पुटपुटणं नेहमी ऐकू जाईल एवढंच मोठं असतं.

ठरल्या दिवशी सकाळी केदारनं त्यांना अकोल्याच्या एस.टी.त बसवलं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बस बायकांनीच भरलेली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, काटेपूर्णेचा पूल गेला. कुंदाबाई खिडकीला कपाळ टेकून होत्या. इतकी वर्षं तोंडानं हा रस्ता किती वेळा ओलांडला, पण उसाची मोळी घेऊन उभी बाई, शेतातली उभी तूर, रसवंतीच्या चाकाला बांधलेले घुंगरू, हे कोणी सांगितलंच नव्हतं. शास्त्रीबुवा फक्त सोयी-गैरसोयी सांगायचे.

अकोल्याच्या स्टँडवर सबीहा उभी होती. बुरखा, चेहरा उघडा, काखेत सतरंजीची गुंडाळी, पायाशी दोन पिशव्या. एवढीशी बाई. फोनवरच्या सात वर्षांत ती कुंदाबाईंच्या मनात उंच होत होत दारापेक्षा मोठी झाली होती. आता पाहिलं तर डोकं त्यांच्या खांद्याला लागत होतं.

"बारीक झाली वं तू."

"अन् तुमी सफेद झाल्या." सबीहानं त्यांचा हात धरला तो सोडला नाही. पिशवीतून हिरव्या कापडाची पुरचुंडी काढून तिनं कुंदाबाईंच्या दंडाला बांधली.

"हे काय?"

"इमाम जामिन. मुसाफिरीले निघाले का बांधतात आमच्यात. पोचलं का सोडायचं, आतला रुपया गरिबाले द्यायचा. मले घरी बांधला. तुमाले कोन बांधन? म्हनून मी."

कुंदाबाईंनी आपल्या पिशवीतून दह्याची डबी काढली. "हात कर पुढं. दही-साखर खाऊन निघालं का काम होते." सबीहानं तळहात चाटला. असे दोन्हीकडचे देव कामाला लावून दोघी रिक्षात बसल्या आणि स्टेशनात शिरल्या.

इथं पहिला घोटाळा झाला, आणि तो दुसऱ्या कोणा बायकांनी केलाच नसता. स्टेशनात शिरलेली अडाणी बाई पहिल्यांदा विचारते. शिकलेली बाई फळा वाचते. या दोघींनी दोन्ही केलं नाही, कारण दोघी जाणत्या होत्या.

"मुंबईकडची गाडी पयल्या फलाटावर येते," कुंदाबाई म्हणाल्या. शास्त्रीबुवांचं वाक्य जसंच्या तसं. "आपला डबा नळासमोर लागते."

"हाव, पयल्यावरच," सबीहा म्हणाली. "कवाची."

वर भोंगा काहीतरी सांगत होता, तिसरा का चौथा फलाट. पण तो ऐकायला सवड कुठं होती? सतरंजी अंथरून दोघी नळासमोर बसल्या. सबीहानं पिशवीतून केळी, संत्री, शेंगा काढल्या. कुंदाबाई परक्याच्या चुलीचं खात नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं सगळं सालीतलं आणलं होतं. जे देवानं बंद करून दिलं, ते कोणी बाटवू शकत नाही. कुंदाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. मग तर थाप त्यांना आणखीच टोचायला लागली.

"इथं एक कुबडा चहावाला असे," सबीहा म्हणाली. "आठवते का तुमाले? आल्याचा चहा."

"आठवते तर. लय गोड करे."

"हाव. गोड करे."

तेवढ्यात गाडी आली. नळासमोर एस-चार डबाच लागला. कुंदाबाईंची छाती फुगली. शास्त्रीबुवा, शाब्बास! दोघी चढल्या. सतरा-अठरा नंबरची जागा रिकामी होती. गाडी सुटली, सबीहानं दुवा पुटपुटली, कुंदाबाईंनी हात जोडले.

"आता पारस येईन," कुंदाबाई म्हणाल्या. "बिजलीघराच्या मोठमोठ्या चिमण्या दिसतीन, पाहाय तू."

"दिसतात नं. दुरूनच दिसतात."

दोघी खिडकीतून पाहत बसल्या. तूर आली, हरभरा आला, एक बंद पडलेली कापसाची जिनिंग आली. चिमणी काही येईना.

"धुकं असंल," सबीहा म्हणाली.

बाहेर टळटळीत ऊन होतं. तुरीच्या शेंगा मोजून घ्याव्या असं ऊन.

"हाव," कुंदाबाई म्हणाल्या. "हिवाळ्यात पडते इकडं."

आणि त्याच वेळी त्यांना पहिली शंका आली. चिमणी म्हणजे काही टाचणी नव्हे, की हरवेल. पण सबीहा शांत होती. हातात तसबीह, मणी सरकताहेत, ओठ हलताहेत. ही अजमेर-हैदराबाद पाहिलेली बाई, दर उरुसाला जाणारी. गाडी चुकली असती तर हिला कळलं नसतं का? ही गप्प आहे म्हणजे बरोबरच असणार. कुंदाबाईंनी संत्रं सोललं आणि खाल्लं नाही.

मग नदी आली. पुलावरून गाडी धडधडत गेली, आणि कुंदाबाईंनी खाली वाकून पाहिलं. पात्रातला तो कातळ, काठचं ते झाड, पलीकडं सकाळच्या सडकेचा पूल. काटेपूर्णा. माणूस जागा बदलतो, जात बदलतो, बोलणं बदलतो. नदी काही कोणासाठी उठून दुसरीकडं जाऊन बसत नाही. सकाळी जी नदी ओलांडून त्या अकोल्याला आल्या, तीच नदी ओलांडून त्या परत अमरावतीकडं चालल्या होत्या.

आता हे सांगायचं कसं? कुंदाबाईंचं डोकं चालायला लागलं, आणि ते नेहमीच्या वाटेनंच चाललं. रेल्वेनं गाडी बदलली असं म्हणावं? म्हणता येतं. नाहीतर म्हणावं, तूच नं म्हनली पयल्या फलाटावर? हेही म्हणता येतं, आणि खोटंही नाही. सबीहा मान खाली घालील. सोसून घेईल. चाळीस वर्षं कुंदाबाईंनी घरात हेच केलं होतं. भात करपला तर गॅस मोठा, दूध नासलं तर गवळी, पाहुणे रुसले तर सून. बोलण्यात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. सासू नाही, नणंदा नाही, शास्त्रीबुवासुद्धा नाही.

समोर ही एवढीशी बाई, काखेत सतरंजी धरून बसलेली. केळी आणणारी. हिला हरवून काय मिळवायचं होतं?

"सबीहा," कुंदाबाई म्हणाल्या. आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं. "ही गाडी उलटी चालली."

मणी थांबले.

"अन् मले ओळखायले इतका वेळ लागला, कारन मी ह्या रस्त्यानं कधी गेलीच नाही. काशीले नाही, रामेश्वरले नाही. कुठंच नाही. ते जायचे. मी डबे भरून द्यायची." एवढं बोलून त्यांना वाटलं की आता खिडकीबाहेर पाहावं, पण त्यांनी पाहिलं नाही. "सात वर्षं तुले खोटं सांगितलं मी. आता तुले जे म्हनायचं ते म्हन."

 सबीहानं तसबीह गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवीचा बंद बांधला. किती वेळ लागतो एक बंद बांधायला! कुंदाबाईंना सासूच्या, शास्त्रीबुवांच्या, कोणाच्याच गप्प बसण्याचं कधी भय वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"म्हनजे," सबीहा हळूच म्हणाली, "तुमाले भुसावळ माहीत नाई?"

"नाही."

"कसं दिसते तेबी नाई?"

"नाही म्हनलं नं वं! किती खेपा वदवशीन?"

सबीहानं दोन्ही हात तोंडावर धरले. "या अल्ला. मी तं तुमच्या भरोशावर बसली होती. नदी मलेबी दिसली. मनात म्हनलं, कुंदाबाई गप्प हायेत, म्हनजे अशीच जात असंल गाडी, फिरून." मग ती जवळ सरकली आणि कानाशी येऊन म्हणाली, "बाई, माझं माहेर बाळापूर, सासर अकोला. तेवढाच माझा सफर. अजमेर, हैदराबाद, सगळं ते जात. मी दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंज्याईच्या घड्या घालत होती."

कुंदाबाई आता तिच्याकडं वळून बसल्या.

"अन् हैदराबादचा तो पूल? फोनवर सांगत होती नं, तिथं चक्कर आल्ती म्हनून?"

"यांना आल्ती."

"अन् तो कुबडा चहावाला?"

"तो कोनालेच नाई माहीत. तो मी आत्ताच पैदा केला, नळापाशी बसल्या बसल्या. तुमची परीक्षा घ्यायले नाई, कसम से. काहीतरी बोलावं लागते नं, म्हनून. तुमी म्हनल्या, लय गोड करे. मले वाटलं, माय, खरंच होता का काय!"

आधी कुंदाबाईंच्या नाकातून आवाज निघाला. मग पोटातून. मग त्या अशा हसल्या, की समोरच्या बाकावरचा गडी पाय खाली सोडून बसला. सबीहा हसता हसता रडायला लागली, बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता परत "लय गोड करे" म्हणून हसली. सात वर्षांचं ओझं होतं दोघींच्या डोक्यावर, आणि दोघींनाही वाटत होतं की आपल्या एकटीच्याच. खाली ठेवल्यावर कळलं, भारे सारखेच, त्यात सरपणही एकाच रानातलं.

मूर्तिजापूर आलं. दोघी उतरल्या.

आधी त्यांनी खाल्लं. कुंदाबाईंच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, त्या सबीहानं घेतल्या. सबीहाच्या डब्यात तिच्या सुनेनं केलेले मेथीचे पराठे होते. कुंदाबाईंनी त्यातला एक उचलला, लोणचं मागितलं आणि खाल्ला.  

मग फोन वाजला. केदार.

"आई, शेगाव गेलं का?"

"मूर्तिजापूरले हावो आमी."

 "मूर्तिजापूरला? तिथं कशा?"

"उलट्या गाडीत बसलो. गाडीची चूक नाही, आमचीच."

आई चूक आपली म्हणते, हे ऐकून पोराला फोन खराब झाला असं वाटलं असावं. तो दोनदा हॅलो हॅलो म्हणाला. "तू थांब तिथंच. मी मोटार काढतो. तासाभरात येतो घ्यायला."

सकाळपासून कुंदाबाई ह्याच वाक्याची वाट पाहत होत्या. आता ते आलं, आणि त्यांना कळलं की त्याची काही गरज उरली नाही.

"येऊ नको. अन् हे पाहाय, स्वरालीले सांग, बडनेऱ्याहून नाही, मूर्तिजापूरहून फोन झाला. अन् तोबी मी नाही केला, तू केला. फोन ठेव, आमाले तिकीट काढायचं हाय."

"पण आई, तुला जमणार आहे का?"

"नाही जमत. विचारून घेऊ." आणि त्यांनीच फोन ठेवला.

विचारून घेऊ. जन्मभर जिनं न विचारता सांगितलं, त्या बाईला हा शब्द नवा होता. पण एकदा तोंडातून गेल्यावर त्यांना अशी मोकळीक वाटली, जशी घट्ट पोलक्याची गाठ सुटल्यावर वाटते. तिकिटाच्या खिडकीपाशी त्या उभ्या राहिल्या आणि आतल्या पोरीला म्हणाल्या, "बाई, आमाले बऱ्हाणपूरले जायचं हाय. कसं जायचं ते काहीच माहीत नाही. पयल्यापासून सांग."

पोरीनं सांगितलं. भुसावळला उतरा, तिथून खंडव्याकडची गाडी. सबीहानं टाचा उंच करून विचारलं, "भुसावळले उतरल्यावर पूल चढा लागते का?" मागची रांग कुरकुरली. एक म्हातारबा म्हणाला, "अवं माय, आमालेबी गाडी हाय." कुंदाबाई वळल्या. तोंडात एक वाक्य आलं होतं, चांगलं धार लावलेलं. ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "तुमी कुठी चालले, बाप्पा? भुसावळकडं? मग आमाले गाडी दाखवसान का?"

म्हातारबाचं नाव पुंजाजी. तो शेगावला लेकीकडं चालला होता. त्यानं दोघींना बरोबर फलाटावर नेलं, पण दोघींचा आता एकट्या पुंजाजीवर विश्वास नव्हता. जाणत्यांवर भरोसा ठेवून काय होतं ते त्यांनी सकाळी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी हमालाला विचारलं, शेंगावाल्याला विचारलं, पोलिसाला विचारलं, आणि सबीहानं तर एका गुराख्यालाही विचारलं, जो कुंपणाबाहेर म्हशी घेऊन उभा होता आणि ज्याचा रेल्वेशी काही संबंध नव्हता. सगळ्यांनी एकच सांगितलं. मग कुठं दोघींना पटलं.

फलाटावर सबीहानं बहिणीला फोन लावला. "आपा, आमाले उशीर होईन. नाई, नाई, ठीक हाय सगळं. आमी उल्टे गेल्तो. हाव, दोघीबी. कुंदाबाईलेबी नाई माहीत! कुछ भी नहीं मालूम!" हे ती इतक्या आनंदानं सांगत होती, जसं कोणाला पहिला नातू झाल्याचं सांगावं. कुंदाबाई ऐकत होत्या. आपल्याला काही माहीत नाही हे दुसऱ्या गावातल्या बाईला मोठ्यानं कळवलं जातंय, आणि आपण जिवंत आहोत. आश्चर्यच म्हणायचं.

गाडी आली. साध्या डब्यात बसायला जागा मिळाली, तीही समोरासमोर. अकोला आलं आणि गेलं. सबीहाला नळ दिसला, त्याच्यासमोर कोणी दुसऱ्याच बायका बसल्या होत्या. शेगावला पुंजाजी उतरला. उतरता उतरता बजावून गेला, "ह्याच गाडीत राहायचं बरं का, भुसावळ येईपर्यंत उठायचं नाही." दोघींनी शाळेतल्या पोरींसारखी मान हलवली.

त्याच्या जागेवर एक तरणा गडी येऊन बसला. त्यानं अजून पिशवी वर टाकली नव्हती तोच सबीहानं विचारलं, "भाऊ, गाडी भुसावळले जाते नं?"

"जाते, काकू."

नांदुरा गेलं. कुंदाबाई म्हणाल्या, "भुसावळलेच जाते नं रे, बाप्पा?"

"हो काकू. मी पण तिथंच चाललो."

 शेतं मागं पळत होती. सबीहाचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हलत होते. मलकापूर सुटल्यावर तिनं कुंदाबाईंना कोपरानं ढोसलं, कुंदाबाईंनी तिला. शेवटी कुंदाबाईच पुढं झुकल्या.

"भाऊ, भुसावळ..."

"अहो काकू!" गडी हसावं की रागवावं अशा पेचात पडला. "दोनदा सांगितलं ना!"

"मग तिसऱ्यांदा सांग. तुझं काय जाते?" कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी सबीहाच्या मांडीवर हात ठेवला होता. "आमी दोघी नव्या हावो."